चँडलरची जातकुळी

(जिल्हा बैठकीतील भाषण)



महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी पिकते, मग आपण पऱ्हाटी मोडून ती का लावू नये, असे आपली पोरे विचारतात. विचारावेच. पण सोयरिकीआधी आपण कूळ पाहतो, तसे वाणाचेही पाहावे.

तिकडे पुष्कळ लावला गेलेला चँडलर हा वाण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या व्होथ आणि ब्रिंगहर्स्ट या दोघांनी १९८३ साली दिला. आई डग्लस हा नावाजलेला वाण. बाप मात्र बिननावाचा, प्रक्षेत्रावरचा नुसता आकडा. फळ मोठे, चकचकीत, चवीला चांगले. दिवस लहान आणि हवा थंड झाली की कळी धरते. दिवस वाढले, ऊन तापले की फळ थांबते आणि रनर सुटतात.

मूळ कूळ याहून गमतीचे. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १७१४ साली चिलीहून काही रोपे फ्रान्सला नेली. पाचच जगली, आणि ती फळेनात, कारण सगळी मादी! शेजारी उत्तर अमेरिकेची व्हर्जिनिया जात लागली, तिचा पराग मिळाला आणि आजची स्ट्रॉबेरी जन्मली. दोन्हींची गुणसूत्रे ५६, म्हणून जमले. आपली देशी कपाशी २६ची आणि अमेरिकन ५२ची. त्यांचा सरळ संकर केला तर झाड वांझ निघते.

आता कामाची गोष्ट. संकरित कपाशीची सरकी दुसऱ्या वर्षी पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत, म्हणून दरसाल पाकीट घ्या. चँडलरही संकरच, पण त्याचा रनर म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. निसर्गाने इथे कुलूप लावले नाही, म्हणून अमेरिकेने १९३० साली कायद्याने लावले: कलमा-फुटव्यांनी वाढणाऱ्या वाणांना पेटंट. चँडलरच्या पेटंटची मुदत केव्हाच सरली. आपल्याकडे २००१च्या कायद्याने संरक्षित वाणाचेही बियाणे शेतकऱ्याला राखता, बदलता, विकता येते. फक्त ब्रँडचे लेबल लावून नाही. रनरवर रनर घेत गेले की विषाणू साठतात, म्हणून अधूनमधून निरोगी मातृरोपे आणावीच लागतात. तो खर्च वेगळा.

राहिला कोरडवाहूचा प्रश्न. पऱ्हाटीचे सोटमूळ खोल ओल शोधते, ज्वारी ताण सोसते. स्ट्रॉबेरीच्या मुळ्या बहुतेक वरच्या वीतभर मातीत. तिला ठिबक हवे, आच्छादन हवे, आणि तोडलेले फळ दोन-तीन दिवसांत गिऱ्हाइकाच्या हाती पडायला हवे. ज्याच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी आहे आणि शहर जवळ आहे, त्याने हिवाळ्यात दोन गुंठे लावून बघावे. बाकीच्यांनी पऱ्हाटी मोडू नये.