निसटलेली तार

ता. १० जून १९९५ च्या रात्रीं 'रॉयल मॅजेस्टी' हें प्रवासी जहाज अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेस उथळ वाळूंत रुतलें. जहाजावर दीड हजारांहून अधिक माणसें होतीं. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं.

बर्म्यूडा सोडल्यावर तासाभरांतच उपग्रहावरून स्थान सांगणाऱ्या यंत्राची तार निसटली होती. यंत्र बंदच पडतें तर बरें होतें! पण तें वेग व दिशा यांवरून नुसता अदमास दाखवीत राहिलें. वारा व प्रवाह त्याच्या हिशेबीं नव्हते. तशी सूचना पडद्यावर होती, पण इतक्या बारीक अक्षरांत कीं कोणाच्या ध्यानीं आली नाहीं. ३४ तासांत जहाज १७ मैल बहकलें. रडारवर एक बोया दिसला. तोच अपेक्षित बोया, असें अधिकाऱ्यानें मानलें. खोली मोजणारें यंत्र हाताशीं असून त्याचा उपयोग केला गेला नाहीं. ओळंबा सोडून पाणी जोखणाऱ्या कोंकणच्या तांडेलास याचें हंसूंच आलें असतें.

मुंबईंत १९२७ सालीं 'डफरिन' जहाजावर हिंदी तरुणांस नौकानयनाचें शिक्षण मिळूं लागलें. आजचा विद्यार्थी जमिनीवरच्या बनावट सुकाणूघरांतहि शिकतो. तेथें शिक्षक मुद्दाम उपग्रहाचा संदेश तोडतो आणि विद्यार्थ्यास तें केव्हां उमगतें हें पाहतो. अमेरिकेच्या आरमारी विद्यालयानें तर ताऱ्यांवरून स्थान काढण्याचा सोडून दिलेला पाठ २०१५ सालीं पुनः सुरू केला.