नांगर धरतो कसा? कॅरिबियनचा व्हिडिओ आणि आपली खाडी

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय.)

आज विषय आहे बोट नांगरायचा. हल्ली मांडवा-रेवसकडे छोट्या शिडाच्या बोटी घेणारे वाढलेत आणि बरेच जण यूट्यूब बघून शिकतात. त्यातले बहुतेक व्हिडिओ कॅरिबियनचे. निळं पाणी, खाली पांढरी वाळू, नांगर टाकला, कॉफी घेतली, झोपले. शिकवतात ते बरोबरच असतं, पण तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूट-दीड फूट असतो, म्हणून त्याचा हिशोब कुणी फारसा सांगत नाही. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. तोच व्हिडिओ धरमतरच्या खाडीत वापरला तर मध्यरात्री बोट दुसऱ्याच्या अंगावर.

मी नागोठण्याचा. आमची अंबा नदी पुढे धरमतरच्या खाडीला मिळते, आणि पूर्वी भरतीच्या पाण्यावर होड्या थेट नागोठण्यापर्यंत यायच्या. त्यामुळे पाण्याची वेळ बघणं हे आमच्याकडे जुनंच आहे.

आता मूळ गोष्ट. मराठीत शेतातला नांगर आणि बोटीचा नांगर, शब्द एकच. उगाच नाही! बैल आडवं ओढतात म्हणून फाळ जमिनीत घुसतो, वर उचलला की सुटतो. बोटीचंही तेच. जी. आय. टेलर या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये छोट्या बोटींसाठी जो नांगर काढला, त्याचा आकारच शेतातल्या नांगरासारखा आहे. म्हणजे बोटीला नुसतं नांगराचं वजन धरत नाही, आडवी ओढ धरते. आणि ओढ आडवी राहायला दोर लांब सोडावा लागतो.

किती लांब? साखळी असेल तर खोलीच्या पाचपट, दोर असेल तर सातपट. वारा वाढला तर अजून. खोली मोजायची ती भरतीची, आणि त्यात नाळेची पाण्यापासूनची उंचीही धरायची.

उदाहरण घ्या. ओहोटीला पाणी ३ मीटर, नाळ १ मीटर. पाचपट म्हणून तुम्ही २० मीटर साखळी सोडली आणि जेवायला बसलात. सहा तासांनी पाणी ४ मीटर चढलं. आता उंची झाली ८, साखळी तीच २०. पाचपटीची अडीचपट झाली! ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उपटतो. सोडायला हवी होती ४० मीटर. दोर असता तर ५६. उधाण कधी हे आईला विचारलं तरी कळेल, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी.

दुसरी भानगड ओढीची. खाडीत साधारण दर सहा तासांनी प्रवाह उलटा फिरतो, बोट पूर्ण गोल फिरते आणि नांगराला उलट्या बाजूने झटका बसतो. बहामा बेटांत यावर दोन नांगरांची पद्धत आहे, एक प्रवाहाच्या वर, एक खाली, दोन्ही नाळेलाच बांधलेले. आपल्या अरुंद खाडीत ती कामाची. फक्त मधल्या वाटेत नांगरू नका, तिथून धरमतरला मालाचे बार्ज जातात. रात्री नांगरलेल्या बोटीवर सगळीकडून दिसेल असा पांढरा दिवा हवाच.

नांगर टाकला की इंजिन हळू रिव्हर्स घ्या आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, एक जवळची, एक लांबची. मोबाईलवर अलार्मची अ‍ॅप असतात, मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, वापरतो. पण जागा सेव्ह करायची ती नांगर तळाला लागतो त्या क्षणी. नंतर केली तर वर्तुळाचा मध्य चुकतो. वर जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतंच. आणि फोन चार्जिंगला लावा, राजे!

कायमची जागा करायची म्हणून काँक्रीटचा ठोकळा टाकणारे आहेत. लक्षात घ्या, काँक्रीट पाण्यात साधारण चाळीस टक्के वजन गमावतं. १०० किलोचा ठोकळा खाली साठ किलोचाच उरतो. शिवाय साखळीच्या शॅकलची पिन तारेने बांधली नाही तर लाटांनी फिरून सुटते.

आणि हे सगळं चांगल्या हवेपुरतं. तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळच्या पी-३०५ या बार्जचे नांगर सुटले, ती भरकटली आणि १७ मे २०२१ ला बुडाली. वर २६१ माणसं होती, सत्तरहून जास्त गेली. एवढ्या मोठ्या बार्जची ही गत. म्हणून आपले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. तुमची बोट कितीही महागाची असो, जूनच्या आधी ती वर घ्या.

पुढच्या भागात गाळात रुतलेला नांगर वर कसा काढायचा ते बोलू. तोवर तुमच्या बंदरातला तळ कसा आहे, चिखल, वाळू की खडक, ते तिथल्या तांडेलकाकांना विचारून मला कळवा.