रस्त्याकडेची पाटी आणि मेरी टर्नर

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)



इतिहास कोण लिहितं, यावर सकाळपासून चर्चा चालू आहे. पुस्तकांबद्दल पुष्कळ बोलून झालं, म्हणून मी पाट्यांबद्दल बोलते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत छोट्या गावांच्या वेशीवर, कोर्टासमोर, नदीच्या पुलाजवळ खांबावर बसवलेल्या धातूच्या पाट्या असतात. तिथे पूर्वी काय घडलं ते थोडक्या ओळींत लिहिलेलं असतं. व्हर्जिनिया राज्याने १९२७ साली अशा पाट्या लावायला सुरुवात केली. जोतीरावांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला होता. पण मुक्तीनंतर त्या माणसांचं काय झालं, हे पाट्यांवर फार उशिरा आलं. आधी होत्या लढाया, सेनापती आणि जमीनदारांचे वाडे. वाडे बांधले 'गेले', कापूस पिकवला 'गेला'. ही भाषा आपल्याला नवी नाही. पंचनाम्यात 'भाजून मृत्यू' असं येतं, जाळलं कोणी ते येत नाही.

आणि ही स्मारकं उभारली कोणी? फक्त पुरुषांनी नव्हे. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढून हरलेल्या सैन्याच्या लेकीसुनांनी १८९४ साली एक संघटना काढली. वर्गणी गोळा करून त्यांनी गावोगाव कोर्टासमोर सैनिकांचे पुतळे बसवले. शाळेच्या पुस्तकांत काय असावं यावरही त्या डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवत. यातले बहुतेक पुतळे उभे राहिले तेव्हा या बायकांना स्वतःला मतदानाचा हक्क नव्हता. तो १९२० साली मिळाला. बाई संघटित झाली की ती न्यायाच्याच बाजूने उभी राहते, असं आपण कधीकधी गृहीत धरतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता मेरी टर्नर. मे १९१८. दक्षिण जॉर्जियात हॅम्प्टन स्मिथ नावाचा गोरा जमीनदार तुरुंगातल्या काळ्या माणसांचा दंड भरायचा आणि तो फेडून घेण्यासाठी त्यांना शेतावर राबवायचा. मारझोडही करायचा. अशाच एका मजुराने त्याला गोळी घातली. मग झुंडी निघाल्या. काही दिवसांत किमान ११ जण मारले गेले, त्यात मेरीचा नवरा हेझ होता. मेरी आठ महिन्यांची गरोदर. ती गप्प बसली नाही. नवरा निर्दोष होता, मारणाऱ्यांना मी कोर्टात खेचीन, असं तिने उघड सांगितलं. १९ मे रोजी झुंडीने तिलाही पुलाजवळ नेऊन मारलं, पोटातल्या बाळासकट. कसं, ते मी इथे सांगत नाही. तेव्हाच्या बातमीत असा सूर होता की तिचं बोलणं आणि तिचा ताठा लोकांना खटकला. एकालाही शिक्षा झाली नाही.

तिथे पाटी लागायला ९२ वर्षं गेली. वाल्डोस्टा इथल्या विद्यापीठातले शिक्षक-विद्यार्थी आणि आसपासचे लोक यांनी पाठपुरावा केला, आणि २०१० साली हाहिरा गावाजवळ पाटी उभी राहिली. तिच्यावर मेरीचं नाव आहे, तिने काय केलं तेही आहे. २०१३ साली त्या पाटीवर गोळ्या झाडलेल्या आढळल्या. नासधूस थांबेना, तेव्हा २०२० साली ती काढून ठेवावी लागली. नुसत्या अक्षरांवर कुणी काडतुसं खर्च करत असेल, तर ती अक्षरं लागायच्या जागी लागली आहेत असं मला वाटतं.

मिसिसिपीतही तेच. १९५५ साली एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याचं प्रेत जिथे नदीतून काढलं असं मानतात, तिथली २००८ सालची पाटी चोरीला गेली. पुढच्या दोन्ही पाट्यांवर गोळ्या झाडल्या. २०१९ साली बसवलेली चौथी पाटी गोळी न भेदणारी आहे, वजन सुमारे २२५ किलो. एमेटच्या आईने, मेमीने, शिकागोला शवपेटी उघडी ठेवायला लावली होती. माझ्या मुलाचं काय केलं ते सगळ्यांनी बघावं, हा तिचा आग्रह. २०२३ साली ती नदीकाठची जागा राष्ट्रीय स्मारकात आली. स्मारकाला मुलाबरोबर आईचंही नाव दिलं आहे.