अक्षरं सुजतात तेव्हा



आज मी बोलणार आहे संगणकाच्या पडद्याविषयी. कवीनं या भानगडीत कशाला पडावं, असं कुणी विचारील. पण कवीचा संबंध अक्षराशी असतो, आणि हल्ली अक्षर कागदाआधी पडद्यावर भेटतं.

मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली आणि विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अशी तारीख आली की आपल्याकडे संगणक बदलत नाही, त्याच्या आतली प्रणाली बदलते. झेरॉक्सच्या दुकानात, भांड्यांच्या पेढीवर, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर दहा-बारा वर्षांचं जुनं यंत्र तसंच राहतं. कुणी त्यात विंडोजची पुढची आवृत्ती टाकतं, कुणी लिनक्स. यंत्र सुरू होतं, पण पडद्याचं रूप पालटलेलं असतं. चिन्हं वाटीएवढी, अक्षरं आडवी पसरलेली, कडा धुरकट. आमच्या सोनगीरच्या एका दुकानदारानं याचं वर्णन अहिराणीत केलं, ‘भाऊ, अक्षरं सुजी गयात!’ याहून नेमका शब्द मला तरी सुचलेला नाही.

ही सूज कशानं येते? सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. तांब्याच्या हंड्यावर ठोक्याला ठोका लागून असतो. हंडा घडून झाला की त्यावरचे ठोके तेवढेच. कमी-जास्त होत नाहीत. सपाट मॉनिटरचंही तसंच आहे. साडेअठरा इंची मॉनिटरवर बहुधा आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, म्हणजे जवळजवळ साडेदहा लाख. ते कारखान्यातच पक्के झालेले. प्रणाली बदलल्यावर संगणक जर १०२४ बाय ७६८ एवढंच चित्र पाठवू लागला, तर आडव्या तीन ठिपक्यांचा माल चार ठिपक्यांवर पसरावा लागतो. मग गोल भाकरी लांबट दिसते आणि अक्षर सुजतं. जुन्या, मागं पोट असलेल्या काचेच्या मॉनिटरवर असे पक्के ठिपके नसत, त्यामुळं तो तीन-चार मापं बिनतक्रार दाखवायचा. त्या काळची सवय असलेल्यांना अजून वाटतं की कुठलंही माप चालतं.

इंग्रजी वाचणाऱ्याचं यात फारसं अडत नाही. त्यांचा ‘ए’ सुजला तरी ‘ए’च राहतो. आपली लिपी नाजूक. ‘रंग’ आणि ‘रग’ यांत फरक एका टिंबाचा. ‘गावात’ म्हणजे एका गावात, ‘गावांत’ म्हणजे अनेक गावांत. ‘आचार्यास दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यास दक्षिणा दिली’ यांत पैसे गुरूला गेले की स्वयंपाक्याला, हे एका रफाराच्या आकारावर ठरतं. उर्दूत तर बे, पे आणि ते यांचा देह एकच. खाली एक नुक्ता, खाली तीन, वर दोन, एवढ्यावरच ओळख. नुक्ता वर असला तर ‘खुदा’, खाली उतरला तर ‘जुदा’. धुरकट पडद्यावर पहिला बळी जातो तो याच टिंबांचा.

ही केवळ कवीची हौस नव्हे. दाखल्यासाठी अर्ज भरताना ‘तांबोळी’चं ‘ताबोळी’ झालं किंवा ‘पिंजारी’चं ‘पिजारी’, आणि टाइप करणाऱ्याला पडद्यावर ते दिसलंच नाही, तर पुढं नाव जुळत नाही म्हणून माणूस टेबलाटेबलावर फिरतो. दोष कुणाचा? पोराच्या निष्काळजीपणाचा, असं आपण म्हणून मोकळे होतो. पडद्याकडे कुणी बघत नाही.

आता उपाय. आधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले, त्यात रिझोल्यूशन उघडा. यादीत एका आकड्यापुढं ‘शिफारस केलेलं’ या अर्थाचा शब्द असतो, तो निवडा. चित्र बिघडलं तरी घाबरू नका; तुम्ही होकार दिला नाही तर विंडोज १५ सेकंदांत जुन्या मापावर परत येते.

यादीत मॉनिटरचं खरं मापच नसेल, तर दुखणं दुसरीकडे आहे. चित्र रंगवणाऱ्या भागाला चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम नव्या प्रणालीला मिळालेला नसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स उघडून पाहा. तिथं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असं लिहिलेलं असेल, तर विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर गाडी रेटते आहे. इंटरनेट जोडून विंडोज अपडेट चालवावं. नाही मिळालं तर संगणक बनवणाऱ्या किंवा इंटेल, एएमडी, एनव्हिडिया यांच्या संकेतस्थळावरून आपल्या यंत्राचा ड्रायव्हर घ्यावा. तो फुकट असतो. भलत्याच ठिकाणाहून ‘ड्रायव्हर शोधून देणारे’ प्रोग्रॅम मात्र घेऊ नयेत. त्यातून नवं दुखणं घरात येतं.

ड्रायव्हर ठीक आणि तरी माप दिसत नाही? मग वायर बघा. मॉनिटर आपलं माप वायरीतूनच संगणकाला सांगत असतो. निळ्या तोंडाच्या व्हीजीए वायरीत १५ पिनांची जागा असते. त्यांतल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना या निरोपासाठी. यंत्र दुरुस्तीला नेताना-आणताना वायर ओढली जाते, एखादी पिन वाकते. रंग सगळे ठीक दिसतात, पण मॉनिटर कोण आहे हे संगणकाला कळत नाही, आणि तो सावधपणे छोटं माप धरतो. दोष नव्या विंडोजवर जातो. खरं तर वायर बदलली की काम भागतं.

माझ्या वयाच्या माणसांना एक सांगायचं आहे. डोळ्यांना त्रास होतो म्हणून बरेच जण मुद्दामच रिझोल्यूशन कमी करून ठेवतात. अक्षर मोठं होतं, पण फुटतं. त्याऐवजी डिस्प्लेच्याच पानावर ‘स्केल’ असतं, ते १२५ किंवा १५० टक्के करावं. ठिपके सगळे वापरात राहतात, अक्षर मोठंही होतं आणि त्याची धारही टिकते.

‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य ऐकलं की मात्र सावध व्हा. पडद्याच्या मापासाठी फॉरमॅटची गरज सहसा पडत नाही, आणि त्यात लग्नाचे फोटो, हिशेब, टाइप केलेल्या कविता सगळं जाऊ शकतं. जुनी विंडोज न पुसता तिच्यावरच नवी चढवली असेल, तर साधारण १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागं फिरता येतं. तोवर जुन्या फाइली साफ करणारं काही चालवू नका.

आणि दुकानात जाण्याआधी मॉनिटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा मोबाइलवर एक फोटो काढा. त्यावर मॉडेल क्रमांक असतो. त्यावरून दुकानदाराला मॉनिटरचं खरं माप दोन मिनिटांत शोधता येतं.