घरची भाषा आणि अंगाची भाषा

आज ज्या पुस्तकांविषयी बोलायचे आहे, ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. फक्त ती दर्शनी कपाटात नसतात. 'स्मृतिचित्रे' दिवाणखान्यात असते. ऊर्मिला पवारांचे 'आयदान' आतल्या खोलीत. आपण ते लपवतो असे मी म्हणणार नाही, पण पाहुण्यांच्या हाती सहज देतही नाही.

याचे कारण नुसते सोवळेपण नव्हे. बडोद्यात चार-पाच पिढ्या काढलेल्या आपल्या कुटुंबांत मराठी उरली ती घरापुरती. बाजार गुजरातीत, नोकरी इंग्रजीत. आणि घरात बाईच्या शरीराला सरळ शब्दच नव्हता. 'कावळा शिवला', 'बाहेरची आहे', 'दूर बसली', 'दिवस गेले' : सगळे आडवळणाने. 'मासिक पाळी' हा शब्द आहे, नाही असे नाही. पण आजीच्या तोंडून तो किती जणींनी ऐकला? आज आपली मुलगी डॉक्टरांकडे जाते, पोट दुखते एवढे मराठीत सांगते आणि पुढचे सगळे इंग्रजीत. तिला मराठी येते. त्या गोष्टीचे मराठी तिला कोणी दिलेले नाही. याच गावच्या महाराणी चिमणाबाईंचे स्त्रियांच्या स्थितीवरचे पुस्तक १९११ साली निघाले, तेही इंग्रजीतच.

मराठीत ते बोलणे लेखिकांनी आणले, आणि त्याची किंमत मोजली. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा मालतीबाई बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' या नावाआड राहावे लागले. ऊर्मिलाबाईंचे आत्मकथन आले २००३ मध्ये, स्वतःच्या नावाने. कोकणातले दारिद्र्य, दलित असल्याची बोच, बांबूची आयदाने विणणारी आई हे सारे त्या ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात पाळी आणि लग्नानंतरची पहिली रात्रही सांगतात. आवाज बदलत नाही, ही त्या पुस्तकाची खरी ताकद. आपण मात्र त्या पानांवर आलो की आवाज बदलतो.

त्यांचीच 'कवच' ही कथा घ्या. आई आंबे विकते, पुरुष गिऱ्हाईक आंब्यांच्या आडून द्व्यर्थी बोलतात, आणि ते ऐकून लाज वाटते ती तिच्या लहान मुलाला. बोलणारे मोकळे! लाज कोणाची आणि ती येऊन बसते कोणाच्या माथी, हे एवढ्याशा प्रसंगात दिसते.

कविता महाजनांनी तर आपल्या बोलण्यातलाच शब्द उचलला. 'तोंडातून ब्र काढू नकोस' असे आपण मुलींना सांगत आलो. २००५ च्या त्यांच्या कादंबरीचे नावच 'ब्र'. पुढे 'भिन्न'मध्ये एचआयव्हीची लागण झालेल्या बायका येतात. आजार नवऱ्याकडून आला तरी बोट बायकोकडेच. ही कादंबरी काही ठिकाणी माहितीच्या ओझ्याने वाकते, असे माझे मत आहे. तरीही ती वाचावी, कारण दवाखान्यात आणि सासरी जे बोलले जाते ते तिथे मराठीत बोललेले आहे.

'असले लिहायची गरज काय?' हा प्रश्न दरवेळी येतो, आणि तो विचारणाऱ्यांना मी उडवून लावणार नाही. केवळ धक्का देण्यासाठी लिहिलेली पुस्तकेही आहेत. ती दुसऱ्या वाचनात टिकत नाहीत. पण ही भाषा आपल्याला नकोच असे ठरले, तर आपल्या मुली मराठी ठेवतील ती आरतीपुरती आणि हळदीकुंकवापुरती. दुखेल, भीती वाटेल, कोणी अंगाला हात लावील, तेव्हा त्या दुसऱ्याच भाषेत जातील. आणि ती भाषा न येणाऱ्या आजीला, कधी आईलाही, काही कळणार नाही.

म्हणून एक सुचवतो. असली पुस्तके आपल्याकडे दुपारच्या महिला मंडळात वाचली जातात. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. येत्या महिन्यात 'कवच' संध्याकाळच्या बैठकीत, सर्वांसमोर, मोठ्याने वाचू या. कथा लहान आहे, वेळ फार लागणार नाही. वाचायला एखाद्या पुरुषाने उभे राहावे. कोणी पुढे आले नाही, तर मी वाचेन.