रिकाम्या रकान्याची पट्टी



सेलूकडे वळणाऱ्या या फाट्यावर डेटाबेसच्या स्पर्धांवर बोलायचं ठरलं, तेव्हा मला आधी कापूस आठवला. समजा, एका जिनिंगच्या संगणकात दोन टेबलं आहेत. एकात चारशे शेतकरी, दुसऱ्यात झालेल्या पट्ट्या, म्हणजे चुकत्या झालेल्या हिशेबाच्या पावत्या. कोणाची पट्टी अजून व्हायची आहे, एवढंच काढायचंय. कुठलंही पोरगं लिहील, ‘ज्यांचा क्रमांक पट्ट्यांत नाही ते दाखव’. अशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, एसक्यूएल भाषेत ‘नॉट इन’नं लिहितात. दहा नावं भरून चालवलं, उत्तर चोख आलं.

पुढं सुगीच्या घाईत कारकुनानं एका पट्टीवर शेतकऱ्याचा क्रमांकच टाकला नाही. रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’. तीच क्वेरी पुन्हा चालवा, एकही नाव येत नाही! पट्टी न सापडलेल्या प्रत्येक शेतकऱ्यापाशी डेटाबेस अडतो: ही बिनक्रमांकाची पट्टी याचीच नसेल कशावरून? छातीठोक ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि उत्तर ‘माहीत नाही’ आलं की ती ओळ गाळायची, हा एसक्यूएलचा कायदा. मालक म्हणणार, वा, सगळ्यांचे पैसे चुकते झाले! ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहिलं असतं तर निभावलं असतं.

आता स्पर्धेकडे येतो. स्टीव्हन फॉयरस्टाइन या अमेरिकन लेखकानं 2010 मध्ये ओरॅकल डेटाबेसवाल्यांसाठी ‘पीएल/एसक्यूएल चॅलेंज’ सुरू केलं. तेव्हा रोज एक प्रश्न असायचा, अचूकतेला गुण आणि वेगालाही. अशा स्पर्धेत वाद ठरलेला: टोड किंवा एसक्यूएल डेव्हलपरसारखं टूल उघडून कोड चालवून बघायचा की नाही? एक बाजू म्हणते, ही तर कॉपी. दुसरी म्हणते, कामावर कोण डोक्यात कोड चालवतं?

मी दुसऱ्या बाजूचा. सुताराला रंधा काढून ठेव म्हणणारी परीक्षा मला पटत नाही. पण टूल काय सांगतं, हे नीट ओळखा. त्या दहा शेतकऱ्यांवर टूल खोटं बोललं नव्हतं. त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. अकरावी, बिनक्रमांकाची पट्टी त्याच्यापुढे कोणी ठेवलीच नव्हती. आता क्वेरी स्वतःच लिहून देणारी टूलं आली आहेत; ती पट्टी ठेवायचं काम तरीही कोणाचं तरी राहतंच.

ते काम यंत्रावर सोपवण्याचा एक सुरेख प्रयत्न आपल्याच राज्यात झाला, पवईला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक एस. सुदर्शन हे ‘डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स’ या जगभर शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. त्यांच्या गटानं ‘एक्सडेटा’ नावाचं टूल बांधलं. ते बरोबर क्वेरी घेतं आणि माणूस जिथे घसरतो तिथे मुद्दाम मोडतं: ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘इतकं किंवा जास्त’, दोन टेबलं जोडणाऱ्या साध्या जॉइनच्या जागी आउटर जॉइन. मग असा डेटा घडवतं की मूळ क्वेरी आणि मोडकी क्वेरी वेगवेगळी उत्तरं देतील. ‘पाच क्विंटलपेक्षा जास्त’ असेल तर नेमका पाच क्विंटलवाला शेतकरी तयार! विद्यार्थ्याची क्वेरी या डेटावर चालवली की चूक आपोआप उघडी पडते. डोळ्यांनी पन्नास वह्या तपासणाऱ्या मास्तरांना यातलं सुख कळेल. एकच उत्तर दहा तऱ्हांनी लिहिता येतं, म्हणून एसक्यूएल तपासणं भलतं कटकटीचं.

मला यातली खोडसाळ बुद्धी आवडते. स्पर्धेत बहुतेक वेळा आपण उत्तर लिहिणाऱ्याला गुण देतो, त्याला अडवणारी ओळ शोधणाऱ्याला नाही. अपवाद आहे: रशियातल्या सारातोव्हमध्ये 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘कोडफोर्सेस’च्या नेहमीच्या फेऱ्यांत दुसऱ्याचा कोड वाचून तो पाडणारा डेटा दिलात तर शंभर गुण, नेम चुकला तर पन्नास वजा. ती स्पर्धा डेटाबेसची नव्हे, पण रीत उचलण्याजोगी.

म्हणून उद्या सकाळी इथल्या मुलांसाठी जे ठेवलंय ते असं. टूल हवं ते वापरा, मोबाइलवर शोधा, शेजाऱ्याला विचारा. एका तासात क्वेरी लिहायची. मग कागद बदलायचे, आणि समोरच्याची क्वेरी फसेल असा डेटा रचायचा. जास्तीत जास्त तीन ओळी. बिनक्रमांकाची पट्टी मी आज सांगून टाकली, त्यामुळे ती उद्या चालणार नाही. दुसरी काहीतरी शोधून आणा.