जुन्या नाण्याचा रंग आणि छायाचित्राची सचोटी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



माझा विषय ऐकून काही पालकांना नवल वाटेल. रंग चढलेल्या जुन्या नाण्यांची छायाचित्रे कशी काढावीत, ती कितपत सुधारावीत व लोकांपुढे कशी मांडावीत, याविषयी मी चार शब्द बोलणार आहे. आपल्या अनेक घरांत दादी-नानीच्या पेटीत राणीछाप रुपये जपून ठेवलेले असतात. आज मुले मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढून संग्राहकांना पाठवितात, कधी विक्रीलाही ठेवतात. तेव्हा हा विषय केवळ छंदाचा राहात नाही, तो इमानदारीचा होतो.

प्रथम रंगाविषयी. राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात १२ भागांपैकी ११ भाग चांदी असते. हवेतील, कापडातील किंवा कागदातील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. साबणाच्या फुग्यावर प्रकाशामुळे रंग दिसतात, तसेच या थरावरही दिसतात. थर वाढतो तसा रंग सोनेरी, मग जांभळट, मग निळा व अखेर काळा होतो. अमेरिकेत १८७८ ते १९०४ व पुन्हा १९२१ साली पाडलेले पुष्कळ 'मॉर्गन' डॉलर सरकारी तिजोरीत कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षे पडून होते. कापडाला टेकलेल्या काही नाण्यांवर इंद्रधनुष्यासारखे रंग चढले. अशा सुंदर नाण्यांना संग्राहक पुष्कळ जास्त किंमत देतात. जेथे किंमत तेथे मोह आलाच. कोणी रसायनाने नाण्यावर खोटा रंग चढवितो, तर कोणी छायाचित्रातच रंग भडक करतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की, नाणे चिंचेने, राखेने किंवा टूथपेस्टने घासू नये. घासल्याने रंग जातो, बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमत उतरते. नाणे नेहमी कडेने धरावे.

छायाचित्र काढताना कॅमेरा स्टँडवर, नाण्याच्या बरोबर वर व त्याला समांतर असावा. घड्याळात १० व २ हे आकडे असतात त्या बाजूंना, थोडे उंचावर, एकाच जातीचे दोन दिवे ठेवावेत. फ्लॅश वापरू नये. शेजारी छायाचित्रकारांचे करडे कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स ठरवावा. कार्ड चित्रात करडेच दिसले पाहिजे. या नाण्यांचा रंग कोनाप्रमाणे बदलतो, म्हणून एक चित्र सरळ व एक नाणे किंचित कलते ठेवून काढावे. दोन्ही बाजू सारख्याच आकारात मांडाव्यात.

आता सुधारणेची मर्यादा. कडा कापणे, चित्र सरळ करणे, नाणे डोळ्यांना दिसते तितका उजेड व तसाच रंग चित्रात आणणे, हे योग्य आहे. रंगांची तीव्रता वाढविणे, ओरखडा पुसून टाकणे, डाग झाकणे, हे योग्य नाही. कसोटी सोपी आहे. नाणे हातात घेऊन चित्राशेजारी धरा. दोन्हींत फरक दिसला तर चित्र दुरुस्त करा. मूळ चित्रही जपून ठेवा.

तपशिलाचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्ज बादशहाच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड होती की तो डुकरासारखा दिसे. मुसलमानांच्या भावना दुखावल्या व १९१२ च्या नाण्यात हत्तीचे चित्र बदलण्यात आले. मोबाइल आपोआप चित्र गुळगुळीत करतो, तेव्हा असा इतिहासच पुसला जातो. ती सोंड ज्यात स्पष्ट दिसत नाही, ते चित्र कितीही रंगीत असले तरी अभ्यासकाच्या कामाचे नाही.

हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. राशीत निदान हात तरी घालता येतो. दूरच्या गिऱ्हाइकाला नाण्याला हात लावता येत नाही. छायाचित्र हेच त्याचे डोळे असतात. त्या डोळ्यांवर पडदा टाकणे म्हणजे ओले धान्य खाली दडविणेच होय.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलांना या छंदापासून रोखू नका. त्यात रसायनशास्त्र आहे, इतिहास आहे, प्रकाशाचे शास्त्र आहे. मात्र नाण्यावरील डाग व ओरखडे चित्राखाली लिहिण्याची सवय त्यांना लावा. कदाचित दोन पैसे कमी मिळतील, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा विश्वासाने येईल.